एका चार्जिंगमध्ये किती चालते जी?

विजेची गाडी घेतली की पेट्रोल पंपावरची रांग सुटते आणि एक प्रश्न मागे लागतो. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीचा वॉचमन, भाजीवाली, बहिणीचे सासरे, वर्धा रोडच्या सिग्नलवर शेजारी थांबलेला ॲक्टिव्हावाला, सगळे तेच विचारतात: "एका चार्जिंगमध्ये किती चालते?" पहिले सहा महिने मी कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगायचो. नंतर डॅशबोर्डवरचा सांगायला लागलो. आता तीन वर्षांनी मीच उलट विचारतो, "कोणत्या महिन्यात? कोणत्या रस्त्याने? एसी लावून का बिनएसी?" खालच्या मजल्यावरचे काकाजी एकदा वैतागले. "अरे बाबू, साधं विचारलं तर वकिलासारखं काहून बोलून राहिला?"

काय करणार, माझ्याकडे तीन वर्षांची वही आहे आणि त्या वहीत या प्रश्नाची निदान तीन उत्तरं आहेत. तिन्ही खरी.

नागपूरला हा विषय नवीन नाही. २०१७च्या मे महिन्यात विजेवरच्या टॅक्सींच्या देशातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक आपल्याकडेच सुरू झाला होता. ऐन मे महिन्यात, आणि तोही नागपुरात! विजेच्या गाडीची इतकी कडक परीक्षा घेणारी गावं देशात फार नाहीत. म्हणूनच पुण्या-बंगळुरूच्या लोकांनी केलेले व्हिडिओ पाहून गाडी घेतलेल्या नागपूरकराला पहिल्याच उन्हाळ्यात वाटतं की आपल्या गळ्यात खराब माल मारला. माल बहुतेक वेळा ठीक असतो. आकडे वाचता येत नसतात.

ते वाचायला एकच माप पुरतं आणि ते प्रत्येकाच्या घरी येतं: लाइट बिलावरचं युनिट. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. कागदोपत्री यालाच किलोवॉट-तास म्हणतात. गाडीची बॅटरी '४० किलोवॉट-तासांची' आहे म्हणजे तिच्यात ४० युनिटं मावतात. सगळी वापरायला मिळत नाहीत. बॅटरी अगदी तळाला जाऊ नये, अगदी काठोकाठ भरू नये म्हणून कंपनी थोडी जागा राखून ठेवते. माझ्या गाडीत हाती येतात साधारण ३८.

पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज आपण लिटरला किती किलोमीटर असं सांगतो. विजेच्या गाडीत उलटं मोजलं तर सोयीचं पडतं: १०० किलोमीटरला किती युनिटं. माझ्या वहीत डिसेंबर-जानेवारीत, रिंग रोडने ऑफिसला जाण्यायेण्यात, हा आकडा १२च्या आसपास आहे. मे महिन्यात गावातल्या गावात साडेपंधरा. समृद्धीवर ताशी ११०ने गेलो तर १८. आता ३८ युनिटांचा हिशोब लावा. हिवाळ्यात ३१५ किलोमीटर, मे महिन्यात २४५, समृद्धीवर २१०. गाडी तीच, बॅटरी तीच, चालवणाराही तोच. काकाजींना मी वकिलासारखं का बोलत होतो ते आता कळेल.

मे महिन्यातली ती तीन-साडेतीन युनिटं जातात कुठे? सगळे म्हणतात, एसी खातो. बरोबर आहे, पण कसा खातो ते मोजण्यासारखं आहे. एसी किलोमीटरवर चालत नाही, घड्याळावर चालतो. उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. ती थंड करताना पहिली काही मिनिटं एसी दोन-तीन किलोवॉट (म्हणजे तासाला दोन-तीन युनिटं या हिशोबाने) ओढतो, मग हळूहळू एकाच्या आसपास येऊन ठेपतो. समजा दुपारी धरमपेठेतून सीताबर्डीला निघालात. चार किलोमीटर, पण बर्डीच्या गर्दीत पंधरा मिनिटं. गाडी पुढे सरकवायला लागलं अर्धं युनिट. पंधरा मिनिटं सरासरी दोन किलोवॉटने एसी चालला, त्याचंही अर्धं युनिट. म्हणजे जेवढं चाकाला तेवढंच गारव्याला. तोच एसी हायवेवर एक किलोवॉटवर स्थिरावला असेल आणि गाडी ताशी ८०ने जात असेल, तर १०० किलोमीटरला जेमतेम सव्वा युनिट घेतो. लांबच्या प्रवासात एसी बंद करून घाम गाळणाऱ्या माझ्या मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही. तो काचा खाली करतो, वारा आत घेतो आणि त्या वाऱ्यापायी गाडीला पुढे ढकलायला जादा वीज घालवतो, ते वेगळंच.

वाऱ्याचं गणित याहून कडक. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात तर वेग वाढला ३७ टक्के, पण हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट झाला. १२० वर तो सव्वादोन पट होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडत असतं, पण तिथे इंजिन मुळातच इतकं इंधन उष्णतेत घालवत असतं की हा फरक त्यात बुडून जातो. विजेच्या गाडीत वाया जाणं कमी, म्हणून प्रत्येक उधळपट्टी लख्ख दिसते. समृद्धीवर कारला ताशी १२०ची मर्यादा आहे, रस्ता सरळ आणि मोकळा आहे, पाय आपोआप दाबला जातो. वर्ध्याच्या फाट्यापर्यंत पोचता पोचता टक्के असे उतरतात की जणू टाकीला भोक पडलं आहे.

गावातल्या सिग्नलवर मात्र विजेच्या गाडीची मजा आहे. दीड टनाची गाडी ताशी ५०ने पळत असते तेव्हा तिच्या वेगात साधारण ४० वॉट-तास, म्हणजे युनिटाचा पंचविसावा भाग साठलेला असतो. पेट्रोलच्या गाडीत ब्रेक दाबला की तो सगळा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातो. इथे मोटरच जनित्र होते आणि त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत भरते. म्हणून सिग्नल लांबून दिसला की पाय आधीच उचलायची सवय लागते. एक गंमत लक्षात ठेवा: बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. सकाळी फुल्ल चार्ज करून निघालात तर पहिल्या काही किलोमीटरांत गाडी पाय उचलल्यावर नेहमीसारखी रेटून थांबत नाही. माझ्या बायकोने पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा ती ब्रेक बिघडला म्हणून घाबरीघुबरी होऊन परत आली होती.

मग डॅशबोर्डवर 'आणखी २७८ किलोमीटर' असं जे दिसतं ते काय असतं? तो ज्योतिष्याचा आकडा. गाडी एवढंच पाहते की गेल्या काही किलोमीटरांत तुम्ही कशी वीज वापरली, आणि उरलेल्या युनिटांना त्या हिशोबाने भागते. रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सच्या झाडीतून सावकाश फिरून आलात तर गाडी खूश होऊन ३३० दाखवेल. तशीच समृद्धीला लावलीत तर पहिल्या वीस किलोमीटरांत पन्नास खाली उतरेल. गाडी खोटं बोलत नाही, तिला तुमचा बेत ठाऊक नसतो. म्हणून मी किलोमीटरचा आकडा बघणं सोडलं. टक्के बघतो आणि गुणाकार स्वतः करतो.

आता वही. तीत मी काय लिहितो? चार्जिंगला लावताना तारीख, ओडोमीटर, टक्के; काढताना टक्के; आणि भिंतीवरच्या सब-मीटरचं, म्हणजे फक्त गाडीची वीज मोजणाऱ्या वेगळ्या मीटरचं, आधीचं-नंतरचं रीडिंग. शेवटी एक शब्द शेरा: 'ऊन', 'पाऊस', 'समृद्धी', 'पाच जण'. हा शेराच पुढे सगळ्यात कामी येतो. तीस सेकंदांचं काम. मला टेबलं आवडतात म्हणून महिन्याअखेर मी हे एक्सेलमध्ये भरतो, पण दोन रेघा मारलेली शंभर पानी वहीसुद्धा चालते.

सब-मीटरमुळे मला पहिला धक्का बसला. मे महिन्यातली रात्र, अकरा वाजलेले, पार्किंगमध्ये अजून भिंती तापलेल्या. गाडी साध्या १५ अँपिअरच्या प्लगला लावलेली आणि बॉनेटखालून पंख्याचा घुंई आवाज येतोय. उभी गाडी, बंद गाडी, आणि पंखा कशाला? मोबाइलच्या टॉर्चने मीटर पाहिला. सकाळी पुन्हा पाहिला. बॅटरी ४७ वरून ९६ टक्क्यांवर आली होती, म्हणजे आत गेली साडेअठरा युनिटं. मीटर म्हणत होता साडेएकवीस. तीन युनिटं वाटेत गेली. भिंतीतून येते ती दिशा बदलत राहणारी 'एसी' वीज (गारव्याचा एसी वेगळा), बॅटरीला लागते एकाच दिशेची 'डीसी'. हे रूपांतर गाडीच्या आतला चार्जर करतो आणि ते करताना तापतो. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे संगणक जागे, पंप चालू, उकाड्यात बॅटरी थंड ठेवायला पंखा चालू. दहा-पंधरा टक्के गळती हा नेहमीचा हिशोब आहे. साध्या प्लगवर चार्जिंग तासन्‌तास चालतं, तेवढा वेळ ही वरकड मंडळी जेवत बसतात. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, लावला तर पंगत लवकर उठते, म्हणून तिथे गळती थोडी कमी.

प्लगवरून आठवलं. सोफ्यामागच्या एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी चार्ज करू नका. मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली की पडणारा खटका), आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) आणि नीट अर्थिंग पाहिजे. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत अर्थिंग नावाला असतं. गाडी तिथे चार्जिंग घ्यायला नकार देते आणि लोक गाडीला शिव्या देतात.

लाइट बिलाचा भाग जरा नीट बघू, कारण इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं: १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून जास्त, ५०० पर्यंत आणखी जास्त, त्यापुढे सगळ्यात जास्त. समजा तुमच्या घराचा महिन्याचा वापर २२० युनिटं आहे. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते, १०० किलोमीटरला १४ युनिटं धरली तर बॅटरीतून १४०, आणि गळतीसकट मीटरवर १६३. एकूण झालं ३८३. लोक काय करतात, बिलाला ३८३ ने भागतात आणि सरासरी दराने गाडीचा खर्च काढतात. पण घराची २२० युनिटं तर गाडी नसतानाही लागलीच असती. गाडीची युनिटं त्यांच्या डोक्यावर येऊन बसली आहेत: ८० युनिटं दुसऱ्या टप्प्यात आणि ८३ तिसऱ्या, महाग टप्प्यात. म्हणून गाडीचा खरा खर्च काढायचा तर बिल दोनदा मांडा, एकदा २२० युनिटांचं, एकदा ३८३चं, आणि वजाबाकी करा. आमच्या घरी उन्हाळ्यात कूलर आणि एसीमुळे वापर आधीच ४०० पार जातो, तेव्हा गाडी चौथ्या टप्प्यात शिरते. वहीतला सगळ्यात महाग महिना म्हणूनच मे असतो. त्याला दोन कारणं एकदम: गाडी जास्त युनिटं खाते आणि प्रत्येक युनिट महाग पडतं. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेण्याची सोय आहे. ज्यांचा वापर माझ्यासारखा टप्प्याच्या काठावर असतो त्यांनी तो हिशोब करून पाहावा.

तरीसुद्धा, १६३ युनिटांना प्रत्येकी १५ रुपये लावले तरी अडीच हजारांच्या आत काम होतं. लिटरला १५ देणारी पेट्रोल गाडी हजार किलोमीटरला ६७ लिटर पिते आणि लिटर शंभरीच्या पुढे आहे. घरी चार्ज करणाऱ्याचं गणित इथेच संपतं. ज्याला घरी सोय नाही त्याचं मात्र वेगळं आहे. फास्ट चार्जरचा दर घरच्यापेक्षा बराच चढा असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी घेताना ५ टक्के जीएसटी लागतो आणि चार्जिंगला १८, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

काकाजींचा पुढचा प्रश्न ठरलेला: "धूर इथं नाही निघत, पण कोराडीत निघतेच ना?" निघतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसत नसली तरी नागपूरकराला ती विसरता येत नाहीत. मग तेही मोजू. देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मीटरवरची १६३ युनिटं म्हणजे ११४ किलो, किलोमीटरला ११४ ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो, म्हणजे लिटरला १५ देणाऱ्या गाडीचे किलोमीटरला १५३ ग्रॅम. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही, आणि बॅटरी बनवतानाचा धूर यात धरलेला नाही. छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या सोलरला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि ऊन आपल्याकडे भरपूर.

आकडे गोळा करायचा दुसरा मार्ग कंपनीचं ॲप. ते सोयीचं असतं, पण त्यातली माहिती कंपनीला दाखवावीशी वाटेल तेवढीच असते. तिसरा मार्ग डोंगलचा. स्टिअरिंगखाली मेकॅनिक ज्याला यंत्र लावतो ते ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढं ब्लूटूथ डोंगल खोचलं आणि मोबाइलवर तुमच्या मॉडेलला चालणारं ॲप घेतलं की गाडीचं पोट दिसायला लागतं: बॅटरीचं तापमान, किती किलोवॉट आत-बाहेर होतायत, एकेका सेलचं व्होल्टेज. हे डोंगल गाडीतल्या छोट्या संगणकांचं आपसातलं बोलणं ऐकतं. प्रत्येक मॉडेलची बोली वेगळी असल्याने चुकीचं मॉडेल निवडलं तर ॲप बेधडक काहीही सांगतं. मला एकदा बॅटरीचं तापमान उणे चाळीस दाखवलं होतं, एप्रिलमध्ये.

या डोंगलपायी माझी जी फजिती झाली ती इमारतीत अजून चघळली जाते. लावलेलं डोंगल मी काढलंच नाही. चार दिवस बाहेरगावी होतो. परत येऊन सकाळी गाडी उघडायला गेलो तर रिमोट दाबूनही ढिम्म. मोठी बॅटरी ७६ टक्के भरलेली, मोबाइलवरच्या शेवटच्या नोंदीत तसं स्पष्ट दिसतंय, आणि गाडी दार उघडायला तयार नाही. कारण असं की दारं, दिवे, संगणक हे सगळं चालतं ते साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विचसुद्धा तिच्याच जोरावर लागतो. डोंगलने चार दिवस गाडीच्या संगणकांना झोपू दिलं नाही आणि छोटी बॅटरी रिकामी झाली. शेवटी काकाजींनी त्यांची पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी शेजारी आणली, केबल लावली. माझी गाडी जागी झाली तसे ते म्हणाले, "पाहा, शेवटी आमचं पेट्रोलच कामी आलं ना!" डोंगल वापरा, पण उतरताना काढून खिशात घाला.

टेस्लावाल्यांना हा खटाटोप करावा लागत नाही. त्यांच्यात टेस्लामेट नावाचा फुकटचा प्रोग्राम फार लोकप्रिय आहे. तो स्वतःच्या घरच्या संगणकावर चालतो आणि प्रत्येक फेरी, प्रत्येक चार्जिंग, उभ्या गाडीतली गळतीसुद्धा आपोआप नोंदवून आलेख काढून देतो. टेस्लाची विक्री आपल्याकडे २०२५च्या जुलैमध्ये मुंबईत सुरू झाली. बाकीच्यांनी वहीच धरावी.

डोंगलने मला एकदा भांडणातून वाचवलं. मे महिन्यात अमरावतीहून परत येत होतो. तळेगावजवळच्या एका ढाब्यावर फास्ट चार्जर होता, त्यावर ६० किलोवॉट लिहिलेलं. माझी गाडी एरवी ५० पर्यंत घेते. दुपारचे अडीच, झाडाचं पान हलत नव्हतं. चार्जर लावला आणि आकडा २२ वर येऊन थांबला. माझ्या मागे आलेला एक जण पोऱ्यावर तोंडसुख घ्यायला लागला की मशीन बोगस आहे. मी डोंगल लावून पाहिलं: सेलचं तापमान ४७ अंश. तापलेल्या रस्त्यावरून दीड तास धावून बॅटरी आधीच भाजलेली होती, आणि जोरात चार्जिंग केलं की ती आणखी तापते. म्हणून गाडीनेच हात आखडता घेतला होता. जे पाऊण तासात व्हायचं त्याला सव्वा तास लागला. तेवढ्यात दोन वेळा तर्री पोहे झाले. तेव्हापासून उन्हाळ्यात लांबचा प्रवास पहाटे, आणि हायवेवर ८०-८५. हळू गेलो तर उशिरा पोचतो असं वाटतं, पण चार्जरवरचा वेळ धरला तर वाटतो तेवढा फरक राहत नाही.

८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, त्यालाही घाबरू नका. रिकाम्या एसटीत लोक धडाधड चढतात, गर्दी झाल्यावर एकेकाला सरकून जागा करून द्यावी लागते, तसंच. हायवेवर ८० ला काढा आणि मागच्याला जागा द्या.

आता बॅटरीच्या तब्येतीचं, कारण सगळ्यांना खरी धाकधूक तिची असते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. रांजणात किती पाणी आहे ही एक गोष्ट, आणि तळाशी गाळ साचून रांजण किती लहान झाला ही दुसरी. डॅशबोर्डवरचे टक्के पहिली सांगतात. १०० टक्के म्हणजे आजच्या रांजणाचे १०० टक्के. नवा होता तेव्हाच्या नव्हे. गाळ किती साचला ते तुम्हालाच काढावं लागतं. पद्धत सोपी आहे. बॅटरी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, ९० पर्यंत भरा, मध्ये आत गेलेली युनिटं डोंगलवरून वाचा आणि ०.७ ने भागा. मला पहिल्या वर्षी ३८.१ आले होते, तिसऱ्या वर्षी ३६.३. पाच टक्क्यांच्या आत घट. हा प्रयोग दरवर्षी एकाच महिन्यात करा, मी जानेवारीत करतो. तापमान बदललं की आकडा हलतो आणि मग उगाच झोप उडते.

गाळ साचतो दोन गोष्टींनी, उष्णता आणि भरलेपण, आणि दोन्ही एकत्र आल्या की जास्त. नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) उन्हात १०० टक्के भरलेली गाडी आठवडाभर उघड्यावर सोडून लग्नाला जाणं म्हणजे लोणच्याची बरणी उघडी टाकून जाणं. जाताना ५०-६० टक्क्यांवर ठेवा, सावलीत ठेवा. रोजचं चार्जिंग ८० पर्यंत. इथे एक पोटभेद आहे. बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी जातीची बॅटरी असते, म्हणजे लोह-फॉस्फेटची. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बाहेरून पातळी कळत नाही. गाडी वाटी-वाटीने काढलेल्या-घातलेल्या पाण्याची बेरीज-वजाबाकी करत बसते आणि रोजची चिमूटभर चूक साठत जाते. काठोकाठ भरलं की तिला पुन्हा खूण मिळते. म्हणून अशा गाडीला अधूनमधून, पुस्तिकेत लिहिलं असेल तसं, १०० टक्के भरावं लागतं. माझ्या एका मित्राने कधीच १०० केलं नव्हतं. १४ टक्के दिसत असताना गाडी एकदम ५ वर आली, बुटीबोरीच्या पुलावर.

एवढं सगळं मोजताना हेही ध्यानात असू द्या की गाडी आपल्यालाही मोजत असते. तिच्यात सिमकार्ड आहे. कुठे गेलात, किती वेगाने, किती वाजता, ते कंपनीच्या सर्व्हरवर जातं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचा हक्क दिला आहे, पण ॲप सुरू करताना 'मान्य' वर बोट ठेवण्याआधी कोण वाचतं? निदान गाडी विकताना ॲपमधून खातं काढा आणि गाडीचं सिस्टीम रीसेट करा. नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते तुमच्या मोबाइलवर दिसत राहील.

मागच्या महिन्यात काकाजींनी दार ठोठावलं. जुनी पेट्रोल गाडी काढून सेकंड हँड विजेची घ्यायची म्हणत होते, चार वर्षं चाललेली, एका ओळखीच्याची. पाच हजार टोकनसुद्धा देऊन बसले होते. "तुझं ते काडेपेटीचं यंत्र घे अन् चल," म्हणाले. गाडी चकाचक होती, डॅशबोर्डवर ९६ टक्के, २७० किलोमीटर. मी मालकाला म्हटलं, जरा चालवून ४० पर्यंत उतरवू. आउटर रिंग रोडला दीड तास फिरून आलो, दहा मिनिटं उभी ठेवली आणि सेलची यादी उघडली. बॅटरीत असे शंभरेक सेल एकामागोमाग जोडलेले असतात. ठीकठाक गाडीत त्यांचे आकडे रांगेत उभ्या शाळकरी पोरांसारखे एका उंचीचे असतात, दहा-वीस मिलिव्होल्ट इकडेतिकडे. इथे एक सेल बाकीच्यांपेक्षा ८० मिलिव्होल्टने खाली होता. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच चालते. तो एक सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही गाडी थांबते.

"मंग नाही घ्यायची का?" काकाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं.

मी म्हटलं, बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असेल तर आताच्या मालकाने आपल्या नावावर असतानाच सर्व्हिस सेंटरला नेऊन लेखी तपासणी करून घ्यावी, सेल बदलून द्यावा, आणि मग आपण बोलू. काकाजी परत गेले, मोबाइलच्या पडद्यावरचा तो एक बुटका आकडा मालकाला दाखवला आणि म्हणाले, "हा एक पोरगा जरा कमजोर आहे जी. याला डॉक्टरकडे नेऊन आणा. तोवर माझे पाच हजार द्या."